सही करायच्या आधी लग बघ

तुझा मेसेज रात्री पावणेबाराला आला, तेव्हाच वाचला होता, पण उत्तर मुद्दाम दिलं नाही कारण डोकं तापलं होतं आणि तापलेल्या डोक्याने मी जे टाइप करतो ते सकाळी मलाच वाचवत नाही.

फोटो मोठा करून बघितला. पॅनलमधलं न्यूट्रलचं (परतीच्या तारेचं) लग, म्हणजे केबलच्या टोकाला दाबून बसवतात तो धातूचा कान, काळंनिळं पडलंय, मागची प्लास्टिकची स्लीव्ह आकसून सरकलीय. आणि तू विचारतोयस, "सर, रिपोर्टवर ओके लिहू का, मॅनेजर म्हणतात एमसीसीबी ब्रेकर ट्रिप होत नाही म्हणजे लोड नॉर्मल आहे." लोड नॉर्मलच आहे रे, तिथेच तर गोम आहे. जोड सैल झाला म्हणून करंट वाढत नाही, मग ब्रेकरला कळणार कसं? सोळा अँपिअर जाताहेत आणि जोडात अर्धा ओहम आला तर १२८ वॅट नुसते त्या पेराएवढ्या जागेत जळतात, तुझी सोल्डरिंगची इस्त्री २५ वॅटची असते, ती किती तापते तुला माहितीये. म्हणून सांगतो, आधी जोड बघ. मीटर नंतर, कागद त्याच्याही नंतर.

तुझ्याच आकड्यांकडे बघ ना. तीन फेजवर ५८, ६१, ५५ अँपिअर आणि न्यूट्रलवर ७९! केबल साडेतीन कोअरची, म्हणजे तीन फेज पूर्ण जाडीच्या आणि न्यूट्रल निम्म्याचा, ५० स्क्वेअर एमएम अ‍ॅल्युमिनियम, म्हणजे न्यूट्रल २५ चा. ही केबल टाकली तेव्हा ऑफिसात पंखे आणि ट्यूबलाइट असतील, आता तीन मजले कॉम्प्युटर आणि एलईडी, त्यांचे थर्ड हार्मोनिक्स (तिप्पट वारंवारतेचे करंट) न्यूट्रलमध्ये एकमेकांना काटत नाहीत, त्यांची बेरीज होते. आणि थ्री पोल एमसीसीबीला न्यूट्रल दिसतच नाही. तू क्लॅम्प मीटर न्यूट्रलला लावलास, हे बरं केलंस. दहातले नऊ जण लावत नाहीत.

उपहार सिनेमाच्या आगीचं तुला फारसं माहीत नसेल, तुझ्या जन्माआधीचं आहे. दिल्ली, १३ जून १९९७, थिएटरात ५९ माणसं गेली. खालच्या ट्रान्सफॉर्मरच्या एलटी (कमी दाबाच्या) केबलचे सॉकेट, म्हणजे टोकाचे लगच, त्याच सकाळी बदलले होते, क्रिंपिंग मशीन (लग केबलवर दाबून बसवायचं) न वापरता डाय आणि हातोड्याने ठोकून. जोड ढिला राहिला, स्पार्किंग झालं, केबल सुटून ट्रान्सफॉर्मरच्या रेडिएटरला लागली, तेल बाहेर आलं आणि पेटलं. वर धुरात लोकांना बाहेर पडायची वाट मिळाली नाही हे पाप वेगळं, त्यावर कोर्टात वर्षानुवर्षं चाललं. पण मला झोपताना तो हातोडाच आठवतो. सकाळचं तासाभराचं काम.

पेपरात दुसऱ्या दिवशी "शॉर्ट सर्किटमुळे आग" एवढंच येतं. बऱ्याचदा शॉर्ट हा नाटकाचा शेवटचा अंक असतो, पहिला अंक कुणीतरी आधीच बघितलेला असतो आणि रजिस्टरमध्ये "ठीक" लिहून सोडलेला असतो.

कुणीतरी म्हणजे मी. २००३ ची गोष्ट, दोन मजली शॉपिंग कॉम्प्लेक्स, माझं एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. मार्चमध्ये न्यूट्रलचं लग असंच रंगलेलं बघितलं होतं. शटडाऊन मागितला तर दुकानदार ओरडणार, आणि एप्रिलमध्ये एएमसी रिन्यू व्हायचं होतं. "सर्व ठीक." माझं अक्षर चांगलं आहे, ते वाक्यही छान आलंय. मे महिन्यात एका रात्री न्यूट्रल सुटला, कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज चढलं, एका झेरॉक्सच्या दुकानात स्टॅबिलायझर पेटला, आणि मीटर रूममध्ये कुणीतरी मांडवाचं कापड ठेवलं होतं, तिथेही पेटलं. कुणी मेलं नाही. वॉचमनकाका विझवायला धावले, छातीत धूर गेला, नऊ दिवस दवाखान्यात होते. मी भेटायला गेलो तर मलाच म्हणाले, साहेब तुम्ही कशाला आलात एवढ्या लांब.

त्यानंतर मी हट्टी झालो. तीन कॉन्ट्रॅक्ट गेले, बायको म्हणायची तुम्हाला लोकांशी जमवून घेता येत नाही, आणि खरंच नाही येत. पण माझ्या हाताखालच्या एकाही पॅनलला नंतर आग लागली नाही. हे मी जरा जास्तच वेळा सांगतो, माहितीये मला. कदाचित नशीबही असेल. तरी सांगतो.

मॅनेजर फॉर्म बी, आग विझवायच्या यंत्रणेचा दाखला, दाखवतोय ना? जानेवारीत आणि जुलैत जातो तो. पंप, हायड्रंट, अलार्म नीट आहेत एवढं त्यात येतं, म्हणजे आग लागल्यावरचं सगळं. तुझं लग त्यात कुठेच नाहीये! त्याच्याशी भांडू नकोस, वाद घालून मीही काही मिळवलं नाही. फोटो, चारही रीडिंग, तारीख, ईमेल. "ओके" हा शब्द नको. नोकरी सोडू का वगैरे मला विचारू नकोस, सोडलीस तर ते लग तुझ्यानंतर येणाऱ्याच्या डोक्यावर तसंच राहील.

आणि पाना घेऊन नुसतं आवळत सुटू नकोस, हे सगळेच करतात. अ‍ॅल्युमिनियम दाबलं की पसरतं, तापून गार होत राहिलं की परत ढिलं. तो तुकडा कापून टाक, बसबार (पॅनलमधली पट्टी) तांब्याचा आहे तर बाय-मेटॅलिक (दोन धातूंचं) लग, जोडाला लावायची जेली, प्लेन वॉशर, स्प्रिंग वॉशर, टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना), आणि शेवटी नट-बोल्टवरून पांढऱ्या मार्करने एक रेघ, म्हणजे पुढच्या महिन्यात रेघ तुटली असेल तर लांबूनच दिसेल. न्यूट्रलला जोडीला दुसरी केबल टाकावी लागेलच, त्याचं कोटेशन त्याच ईमेलला लाव.

रविवारचा शटडाऊन मिळव, दोन तास पुरे. मी येतो. क्रिंपिंग टूल माझं आणतो, तुमच्या स्टोअरमधलं मी बघितलंय, त्याच्या डाय झिजल्यात. लग तेवढे तू घेऊन ठेव, आणि रविवारी तुमच्याकडे गाडी आत सोडतात का ते कळव, आजकाल गुडघा दुखतो.