पिशवी, पट्टा आणि पामेरियन : छोट्या कुत्र्याला घेऊन बाजारहाटाला जाताना

लहान कुत्र्यांबद्दलची पत्रं यंदा बरीच आली. पग, शिट्झू, पामेरियन, चिवावा, सगळ्यांची तक्रार साधारण एकच. घरी एकटं ठेवलं तर भुंकून बिल्डिंग डोक्यावर घेतो, म्हणून कामाला निघताना त्यालाही बरोबर घेतो. मग काय काय सांभाळायचं?

माझा हिशोब सरळ आहे. ज्या कामात कुत्र्याला सोडून आत जावं लागतं, ते काम त्याच्याशिवाय करायचं. दूध, पेपर, इस्त्रीचे कपडे, कोपऱ्यावरची भाजीची गाडी ही त्याच्याबरोबर करायची कामं. बँक, रेशन, पिठाची गिरणी आणि रविवारची मंडई ही नव्हेत. बाहेरच्या खांबाला बांधून "दोन मिनिटांत आलो" म्हणणाऱ्यांनी पुढचं सगळं दोनदा वाचावं.

प्रश्न : माझा सहा किलोचा शिट्झू स्कूटरवर पुढे पायांपाशी उभा राहतो. उडी मारू नये म्हणून पट्टा हँडलला अडकवतो. वर्ष झालं, एकदाही पडला नाही. मुलगी मात्र रोज ओरडते. बरोबर कोण? (कोथरूड, पुणे)

मुलगी.

पायांपाशीचा तो प्लॅस्टिकचा पत्रा कुत्र्याच्या नखांना धरता येत नाही. समोर रिक्षा आडवी आली आणि तुम्ही करकचून ब्रेक लावलात, की तुम्हाला धरायला हँडल आहे, त्याला काहीच नाही. त्यात पट्टा हँडलला बांधलेला. तो बाजूला घसरला तर जमिनीपर्यंत पोचणारही नाही, गळ्याला लटकेल. त्याच क्षणी त्याच्या वजनाने तुमचं हँडलही वळेल. पडू नये म्हणून बांधलेल्या पट्ट्यानेच दोघं पडाल.

दुसरी गोष्ट डोळ्यांची. शिट्झू आणि पगचे डोळे खोबणीतून पुढे आलेले असतात. रस्त्यावरची धूळ, खडी, समोरच्या ट्रकचा धूर थेट बुबुळावर. वारा खाताना तो खूश दिसतो हे खरं, पण डोळा लाल करून, एकच डोळा मिटून दवाखान्यात येणाऱ्या शिट्झूंच्या मालकांना मी पहिला प्रश्न स्कूटरचाच विचारतो. बुबुळावरची जखम दोन दिवस अंगावर काढली तर डोळा जाऊ शकतो.

न्यायचंच असेल तर मागे दुसरं माणूस हवं. त्याच्या मांडीवर जाळीची, तळ कडक असलेली पिशवी, चेन लावलेली, आणि आतली कडी हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) अडकवलेली. गळपट्ट्याला कधीच नाही. एकट्याने निघणार असाल तर स्कूटर राहू दे, चालत जा. पोट पुढे काढून छातीवर कुत्र्याची पिशवी बांधून स्कूटर चालवणारेही हल्ली दिसतात. हँडल पूर्ण वळत नाही, हे त्यांना पहिल्या यू-टर्नला कळतं.

प्रश्न : मेडिकलमध्ये औषध घ्यायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ पग गाडीत राहिला, काच दोन बोटं खाली ठेवली, तर चालेल ना? (ठाणे)

नाही. आणि हे "नाही" पगसाठी जरा मोठ्याने म्हणतो.

बाहेर 30 अंश असताना बंद गाडीतला पारा दहा मिनिटांत चाळिशी गाठतो आणि अर्ध्या तासात पन्नाशीजवळ जातो. काच थोडी खाली ठेवल्याने जवळजवळ काही फरक पडत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. ढगाळ हवेतही गाडी तापते. आणि मेडिकलमधली पाच मिनिटं कशी असतात ते तुम्हालाही ठाऊक आहे : समोरचा गिऱ्हाईक सुट्टे पैसे शोधतो, तुमची गोळी मागच्या कपाटात असते, बिलाचं मशीन बंद पडतं.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून अंग थंड ठेवतो. पगचं नाक दाबलेलं, नाकपुड्या चिरेसारख्या, टाळू लांब. म्हणजे ज्या वाटेने उष्णता बाहेर जायची तीच वाट अरुंद. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 101 ते 102.5 फॅरनहाइट. 104 च्या वर गेलं की काळजीचं, 106 च्या पुढे किडनी, यकृत, मेंदू सगळ्यालाच धोका.

एसी चालू ठेवून जातो, असंही काहीजण लिहितात. इंजिन बंद पडलं, किंवा कुत्र्याचा पंजा काचेच्या नाहीतर लॉकच्या बटणावर पडला, तर तुम्ही बाहेर आणि तो आत.

लक्षणं ओळखून ठेवा. धाप थांबत नाही, लाळ चिकट दोरीसारखी लोंबते, ओठ उचलून पाहिलं तर हिरड्या गुलाबीऐवजी विटेसारख्या लालभडक दिसतात, चालताना मागचे पाय लटपटतात. अशा वेळी बर्फ शोधत फिरू नका. सावलीत न्या, नळाचं साधं पाणी पोटावर, काखेत, मांड्यांमध्ये ओतत राहा, पुठ्ठ्याने वारा घाला, आणि मग दवाखाना. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, आतली वाफ आतच कोंडते. पाणी तोंडात जबरदस्तीने ओतू नका.

प्रश्न : उन्हाळ्यात बूट घालावेत का? (नागपूर)

नागपूरच्या मे महिन्यात सकाळी सातनंतर आणि सूर्य मावळून तासभर होईपर्यंत त्याला डांबरी रस्त्यावर नेऊच नये. हाताचा मागचा भाग रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसणार नाही. बुटांमुळे चटका वाचेल, पण तुमच्या कुत्र्याचं पोट रस्त्यापासून वीतभर अंतरावर आहे. रस्त्याची धग खालून आणि ऊन वरून, त्याला बूट काय करणार?

प्रश्न : आमचा चिवावा अडीच किलोचा. सकाळी दूध आणायला निघालो की कोपऱ्यावरची चार-पाच भटकी कुत्री धावून येतात. मी त्याला उचलते, तर ती माझ्यावरच उड्या मारतात. काठी न्यावी का? (नाशिक)

हे पत्र सगळ्यात जास्त जणांचं आहे, म्हणून थोडं सविस्तर.

ती कुत्री तुमच्या चिवावाचा राग करत नाहीत, जागा राखतात. कचराकुंडी, चहाची टपरी, कोणी पोळी टाकतं ती पायरी. प्रत्येक टोळीचा ठिय्या आणि वेळ ठरलेली असते. आठवडाभर कुत्रा न घेता जाऊन पाहा, कुठून उठतात आणि कुठे थांबतात ते कळेल. समोरच्या फुटपाथने गेलात तर बहुतेक वेळा ती मान वर करून पाहतात आणि पुन्हा झोपतात.

उचलायचं असेल तर कोपऱ्याच्या आधी उचला, टोळी समोर आल्यावर नाही. ऐन वेळी झटक्यात उचललेला कुत्रा किंचाळतो, पाय हवेत हलतात. खालच्या कुत्र्यांना ती पळणारी शिकार वाटते आणि मग त्या उड्या. आधीच खांद्याच्या पिशवीत घालून चेन लावलीत तर तो दिसतच नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली. काखेत धरून मूल उचलल्यासारखं नको.

तरी अंगावर आलीच तर पळू नका. पाठ भिंतीला किंवा उभ्या गाडीला लावा, थोडं आडवं उभं राहा, डोळ्यांत डोळे घालू नका, आवाज खालच्या पट्टीत ठेवा. आणि काठीऐवजी छत्री न्या, तीही बटणाची. फटकन उघडून मध्ये धरली की त्यांच्यासमोर एकदम भिंत उभी राहते आणि नेमकं चावायचं कुठे ते कळत नाही. काठीने आज एक पळेल, पण उद्या तीच टोळी तुम्हाला लांबून ओळखेल. त्यांना रोज खायला घालणारं कोणी तरी गल्लीत असतंच, त्यांच्याशी ओळख करून घ्या. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर त्या कुत्र्याची नसबंदी झालेली आहे. नसेल तर महापालिकेकडे तक्रार न करता विनंती करा, काम लवकर होतं असा माझा अनुभव आहे.

आता चावा. मोठ्या कुत्र्याने छोट्याला पकडून झटकलं, तर वरून दाताची दोन बारीक भोकं दिसतात, तीही केसांत लपलेली. आत मात्र कातडी स्नायूंपासून सुटलेली असते, बरगडी मोडलेली असू शकते, फुप्फुसाला भोक पडलेलं असू शकतं. घरी आल्यावर तो शेपूट हलवतो, म्हणून लोक हळद लावून झोपवतात आणि रात्री श्वास लागला की फोन करतात. त्यामुळे भोक कितीही लहान असो, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी एक्स-रे काढून घ्या. रेबीजची वार्षिक लस झालेली असली तरी चाव्यानंतर पुन्हा डोस लागतात. तुम्हाला दात किंवा नख लागलं असेल, किंवा जखमेवर लाळ लागली असेल, तर तुम्हीही त्याच दिवशी रुग्णालयात जा.

प्रश्न : किराणावाला घरचाच आहे. पामेरियनला पट्टा सोडून दुकानात हिंडू देतो. काही हरकत? (सांगली)

दुकानदाराची नसेल, माझी आहे. धान्याच्या पोत्यांमागे, फळीच्या खाली उंदरांसाठी रंगीत वड्या ठेवलेल्या असतात. त्यांत बहुतेकदा ब्रोमॅडिओलोन असतं आणि वर धान्याचा वास. पामेरियनची उंची अगदी त्या फळीखाली जायच्या मापाची. खाल्ल्यावर तो दोन-तीन दिवस ठणठणीत राहतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. मग हिरड्यांतून रक्त, काळी शी, पोटावर निळे डाग, धाप. रक्त गोठायला लागणाऱ्या व्हिटॅमिन केचं कामच हे विष बंद पाडतं. उतारा आहे, व्हिटॅमिन के वन, पण तो आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो आणि वेळेवर सुरू व्हावा लागतो. खाल्ल्याची नुसती शंका आली तरी वडीचं पाकीट घेऊन या, "निळी होती बहुतेक" एवढ्याने भागत नाही.

याशिवाय सांडलेले बेदाणे, कांदा, बिनसाखरेचं च्युइंगम, ही सगळी कुत्र्याला विषच. दुकानात पट्टा हातात, आणि तोही आखूड. बटण दाबून लांब होणारी दोरी गल्लीत नकोच. पामेरियनची श्वासनलिका नाजूक असते, ओढ बसली की हंसासारखा "हाँक हाँक" खोकला सुरू होतो. छातीचा, वाय आकाराचा हार्नेस घ्या, आत दोन बोटं जातील इतपत सैल.

प्रश्न : सोसायटीने नोटीस लावली : कुत्र्यांना लिफ्ट बंद. आम्ही सातव्या मजल्यावर. (दादर, मुंबई)

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला अशी बंदी घालता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसेही आकारता येत नाहीत. त्या सूचनांची प्रत सेक्रेटरींना द्या, भांडायला जाऊ नका. पण तुमच्याही बाजूला काही गोष्टी येतात. महापालिकेचा परवाना, रेबीजचं प्रमाणपत्र, आणि लिफ्टमध्ये घाबरणारं कोणी असेल तर "आधी तुम्ही जा" म्हणायची तयारी. तुमच्या हलगर्जीमुळे कुत्रा कोणाला चावला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि लिफ्टमध्ये त्याला कडेवर घ्या. तुम्ही आत, तो बाहेर आणि पट्टा दारात अडकलेला, असं घडायला एक सेकंद पुरतो. जुन्या इमारतीतल्या जाळीच्या लिफ्टमध्ये शेपूट आणि पंजा सांभाळा. मॉलच्या सरकत्या जिन्यावर तर छोटं कुत्रं पायांवर उभं करूच नका, बोटं दात्यांत सापडतात.

प्रश्न : पिल्लू सत्तर दिवसांचं आहे. लसी पूर्ण होईपर्यंत बाहेर काढू नका असं शेजारी सांगतात. मग माणसांची सवय कधी होणार? (कोल्हापूर)

शेजारी अर्धे बरोबर आहेत. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. पिल्लाच्या लसींचा शेवटचा डोस साधारण सोळाव्या आठवड्याला येतो. तोवर रस्ता, बागेतलं गवत, दवाखान्यातली फरशी, कुठेही खाली सोडायचं नाही. पण आवाजांची, माणसांची, वासांची ओळख व्हायचं वय तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं आणि चौदाव्या आठवड्यापर्यंत संपत येतं. म्हणून त्याला कापडी पिशवीत, छातीशी धरून रोज पंधरा मिनिटं बाहेर न्या. इस्त्रीवाल्याच्या टेबलापासून चार हात लांब थांबा, कोळशाचा वास येऊ दे. दूधवाल्याच्या मोटारसायकलचा आवाज, शाळा सुटल्याचा गलका, फुलवालीचा हात ऐकू-पाहू दे. घाबरलं तर मागे या, जबरदस्ती नको. तीन महिने पूर्ण झाल्यावर रेबीजची लस द्या आणि सगळ्या लसी झाल्यावर दोन आठवड्यांनी पाय जमिनीला लागू द्या.