विमानात नकाशा नॉर्थ-अप ठेवावा की ट्रॅक-अप?

प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सेसना १७२ या लहान विमानावर, जी-१००० या डिजिटल पडद्यांच्या पॅनेलवर शिकताय. एक इन्स्ट्रक्टर सांगतात, नकाशाची उत्तर दिशा कायम वर ठेव (नॉर्थ-अप). दुसरे सांगतात, विमान जातंय ती दिशा वर ठेव (ट्रॅक-अप). पहिली सोलो क्रॉस-कंट्री (एकट्याने एका विमानतळाहून दुसऱ्याला जायचं उड्डाण) तोंडावर आलीय, तर कोणाचं ऐकायचं? आणि एअरलाइनमध्ये काय चालतं?

मी स्वतः इन्स्ट्रक्टर आहे, म्हणून माझी बाजू आधीच सांगून टाकतो. शिकत असताना नॉर्थ-अप. मात्र ‘कायम’ हे मला मान्य नाही, आणि ट्रॅक-अपवाल्यांचं म्हणणं चुकीचं आहे असंही नाही. नकाशाला तुम्ही त्या क्षणी काय विचारताय, त्यावर हे ठरतं. ‘आता कुठे वळू?’ असं विचारायचं असेल तर ट्रॅक-अप सरस. ‘मी कुठे आहे, आणि बाकी सगळं माझ्यापासून कुठल्या दिशेला आहे?’ असं विचारायचं असेल तर नॉर्थ-अप. शिकाऊ पायलट पहिला प्रश्न जरा जास्तच विचारतो आणि दुसरा विचारायचा विसरतो, म्हणून मी नॉर्थ-अपचा आग्रह धरतो.

बारामतीहून कोल्हापूर घ्या. ट्रॅक, म्हणजे विमानाची जमिनीवरची वाट, साधारण १९० अंश, म्हणजे जवळजवळ सरळ दक्षिण. अंतर पंचाण्णव नॉटिकल मैलांच्या आसपास. वाटेत कऱ्हाड उजव्या हाताला येतं, सांगली डाव्या हाताला, दोन्ही ट्रॅकपासून ढोबळमानाने बारा-पंधरा मैलांवर. कऱ्हाडहून सांगलीकडे जाणारी कृष्णा तुमच्या वाटेला उजवीकडून डावीकडे आडवी जाते. पुणे-बंगळूर महामार्ग उजवीकडून जवळ येत येत कोल्हापूरला भेटतो आणि मिरजेचा रेल्वेमार्ग डावीकडून येतो. नेव्हिगेशन शिकायला याहून चांगला मार्ग शोधूनही सापडणार नाही.

आता हाच मार्ग नॉर्थ-अप नकाशावर पाहा. तुमचं चिमुकलं विमान पडद्यावर खाली तोंड करून चाललंय. कऱ्हाड त्याच्या डावीकडे दिसतंय, सांगली उजवीकडे. खिडकीबाहेर बरोबर उलटं. दक्षिणेला जाताना विद्यार्थी ‘सर, सांगली दिसत नाही’ म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा उजव्या खिडकीतून बघत असतो. उत्तरेला परत येताना हीच अडचण नाहीशी होते, आणि त्याला वाटतं की आपल्याला आता जमलं.

ट्रॅक-अपवाल्यांचा सगळा मुद्दा यात आला, आणि त्याला आधारही आहे. १९७१ मध्ये रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी माणसांना फिरवलेल्या आकृत्यांच्या जोड्या दाखवून त्या एकच आहेत का, असं विचारलं होतं. दोन आकृत्यांमधला कोन जितका मोठा, तितका उत्तराला वेळ जास्त लागत गेला. मनातल्या मनात चित्र फिरवायला खरोखरच वेळ लागतो. १८० अंशांचं हे फिरवणं कॉकपिटमध्ये, रेडिओ चालू असताना, उन्हाळी दुपारच्या धक्क्यांत करायचं म्हणजे चुकायला भरपूर वाव.

मग मी तरी नॉर्थ-अपचं का सांगतो? कारण हे फिरवायचं काम करणारं यंत्र तुमच्या समोर आधीच बसवलेलं आहे. पीएफडीवरचा, म्हणजे पायलटसमोरच्या मुख्य पडद्यावरचा, एचएसआय (दिशादर्शक) बघा. ती कंपासची तबकडी कायम हेडिंग-अपच असते, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा वर. सांगली पूर्वेला आहे हे नकाशावरून कळलं की एचएसआयवर ०९० कुठे आहे ते बघायचं. दक्षिणेला जाताना ते डावीकडे असेल. झालं, डावीकडे बघा. डोक्यात काहीही फिरवावं लागत नाही. नकाशा दिशा सांगतो, तबकडी बाजू सांगते. नकाशाही ट्रॅक-अप केलात तर जवळपास एकाच नजरेची दोन यंत्रं समोर येतात आणि दुसरी नजर हातची जाते.

दुसरं कारण रेडिओ. आजूबाजूचं सगळं जग उत्तरेच्या हिशोबाने बोलतं. मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) वारा ३०० अंशांवरून येतो, वादळ ‘मैदानाच्या’, म्हणजे विमानतळाच्या, ‘नैर्ऋत्येला’ असतं, धावपट्टीचा क्रमांकच मुळी कंपासवरून पडलेला असतो. टॉवर तुमची जागा विचारतो तेव्हा उत्तर ‘कोल्हापूरच्या उत्तरेला दहा मैल’ असंच द्यायचं असतं. इथे ट्रॅक-अप नकाशा फसवतो. मैदान पडद्यावर वर, विमान खाली. वर्षानुवर्षं शाळेच्या भिंतीवर ‘खाली म्हणजे दक्षिण’ बघितलेलं डोकं पटकन म्हणून जातं, ‘दक्षिणेला दहा मैल’. त्याच वेळी दुसरं विमान खरोखर दक्षिणेकडून येत असेल, तर दोघांबद्दलचं टॉवरचं चित्र चुकतं आणि त्या दुसऱ्या विमानातला पायलट तुम्हाला भलत्याच आकाशात शोधत बसतो. डावी-उजवी चुकली तर गाव सापडत नाही. इथे चुकलं तर परिणाम गंभीर होऊ शकतो.

यावरही एक युक्ती आहे, ती आजच्या आज सुरू करा. बेअरिंग पॉइंटर, म्हणजे एचएसआयवरची सुई, मैदानाकडे लावून ठेवायचा. सुईचं टोक सांगतं मैदान कुठे आहे, आणि शेपूट सांगतं तुम्ही मैदानापासून कुठे आहात. टोक १९० वर तर शेपूट ०१० वर, म्हणजे तुम्ही उत्तरेला. रेडिओवर बोलताना शेपूट वाचायचं. नकाशा कसाही ठेवलेला असला तरी हे चुकत नाही. एक टीप फक्त: एचएसआय चुंबकीय उत्तर धरून चालतो आणि नकाशा खरी उत्तर. आपल्याकडे मुंबई-पुणे पट्ट्यात या दोन्हींत एक अंशाचाही फरक नाही, म्हणून इथे कोणी त्याचा विचार करत नाही. तुमच्यापैकी जे अमेरिकेत शिकायला जातील त्यांनी करावा. सिएटलकडे हा फरक १५ अंशांच्या घरात जातो.

आता ट्रॅक-अपला त्याचं श्रेय. फोनवरचा नकाशा दुचाकीवरून जाताना आपण सगळेच जातोय ती दिशा वर ठेवून वापरतो, आणि त्यात काही चूक नाही. रस्त्यावर प्रश्न एकच असतो, पुढच्या चौकात डावीकडे की उजवीकडे. विमानातही असे क्षण येतात. नियंत्रित हवाई हद्दीच्या कडेने चाललाय आणि ती हद्द कुठल्या हाताला आहे हे झटक्यात कळायला हवं, किंवा ढगांच्या रांगेतून वाट काढताय, तेव्हा ट्रॅक-अपच. एटीसी (हवाई वाहतूक नियंत्रक) ‘ट्रॅफिक, दोन वाजता’ म्हणतो, म्हणजे घड्याळात दोन असतात त्या दिशेला दुसरं विमान आहे, तेव्हाही पडद्यावरचा दोन वाजताचा कोपरा थेट कामी येतो. शिवाय ट्रॅक-अपमध्ये बहुतेक उपकरणं विमान पडद्याच्या खालच्या भागात आणतात, त्यामुळे पुढचा मुलूख जास्त दिसतो. नॉर्थ-अपमध्ये विमान मधोमध, म्हणजे अर्धा पडदा तुम्ही मागे टाकलेल्या प्रदेशावर खर्च होतो.

इथे एक बारकावा, जो अनेक जण गोंधळवून टाकतात. ट्रॅक-अप आणि हेडिंग-अप एक नव्हे. १०० नॉटने उडताना २० नॉटचा वारा थेट बाजूने असेल तर ड्रिफ्ट (नाक आणि ट्रॅक यांच्यातला कोन) साधारण १२ अंश येतो. साठाला एकचा नियम (साठ मैलांत एक मैल बाजूला म्हणजे एक अंश) लावून बघा: २० भागिले १००, गुणिले ६०. ट्रॅक-अप नकाशावर तुमची वाट सरळ वर जाते, पण पडद्यावर नाकासमोर दिसणारं गाव खिडकीतून नाकासमोर नसतं, ते १२ अंश बाजूला असतं. हेडिंग-अपमध्ये काचेतून दिसतं तसंच पडद्यावर दिसतं, मात्र वाट तिरकी जाते. जमीन बघून उडताना हेडिंग-अप, रेषा धरून उडताना ट्रॅक-अप, असं ढोबळ धरा. आणि एटीसीचं ते ‘दोन वाजता’ रडारवर दिसणाऱ्या तुमच्या ट्रॅकवरून मोजलेलं असतं, कारण तुमचं नाक कुठे आहे हे रडारला दिसत नाही. जोराच्या आडव्या वाऱ्यात दोन वाजता सांगितलेलं विमान एक किंवा तीन वाजताही सापडू शकतं.

एअरलाइनबद्दल. तिथे निवड बरीचशी कारखान्यातच झालेली असते. एअरबस ए-३२० च्या नेव्हिगेशन डिस्प्लेवर ‘रोझ’ (पूर्ण वर्तुळ) आणि ‘आर्क’ (पुढचा कंस) हे मोड हेडिंग-अप आहेत, आर्कमध्ये नाकाच्या दोन्ही बाजूंना ४५-४५ अंश दिसतात, आणि प्रत्यक्ष ट्रॅक एक हिरवं, हिऱ्याच्या आकाराचं चिन्ह दाखवतं. बोइंगच्या अनेक विमानांत मॅप मोड ट्रॅक-अप असतो. म्हणजे उड्डाणाचा बहुतेक वेळ नकाशा फिरताच असतो. पण दोन्ही कंपन्यांनी एक नॉर्थ-अप मोड मुद्दाम ठेवलाय: एअरबसमध्ये प्लॅन, बोइंगमध्ये पीएलएन. तो खऱ्या उत्तरेवर बसवलेला असतो, आणि त्यात हवामान रडारचं चित्र दिसत नाही. त्याचं काम वेगळंच आहे. फ्लाइट मॅनेजमेंट कॉम्प्युटरमध्ये मार्ग भरला की एकेक बिंदू पुढे सरकवत तो कागदावरच्या मार्गाशी ताडून बघायचा, आणि कागद नॉर्थ-अप असतो. फिरत्या नकाशावर ही तपासणी होऊ शकते, पण चूक नजरेला पटकन टोचत नाही.

ही तपासणी किती मोलाची, हे २० डिसेंबर १९९५ च्या रात्री कोलंबियातल्या काली शहराजवळ कळलं. अमेरिकन एअरलाइन्सचं ९६५ हे बोइंग ७५७ मायामीहून येऊन तिथे उतरत होतं. ऐनवेळी धावपट्टी बदलली, घाई झाली. रोझो या रेडिओ-बीकनकडे जायचं म्हणून कॉम्प्युटरमध्ये ‘आर’ टाकला, आणि यादीतला ‘आर’ निघाला बोगोटाजवळचा रोमिओ. बदललेली वाट दोघांनी ताडून न पाहताच कार्यान्वित झाली. विमान डावीकडे, पूर्वेला, डोंगरांच्या दिशेने वळलं. चूक लक्षात येऊन परत वळेपर्यंत उशीर झाला होता. १६३ जणांपैकी चौघेच वाचले. नकाशाच्या दिशेमुळे हा अपघात झाला असं मी म्हणत नाही, कारणं अनेक होती. पण नवा बिंदू कित्येक मैल आडवा पडलाय हे स्थिर नकाशावर एका नजरेत दिसतं, म्हणूनच मार्ग बदलला की थांबून बघायचं.

जाता जाता दोन वेगळ्या दुनिया. हेलिकॉप्टर हवेत एका जागी थांबलं की ट्रॅक नावाची गोष्टच उरत नाही, तिथे ट्रॅक-अप नकाशा वेड्यासारखा फिरतो. तुमचा टॅबही पार्किंगमध्ये उभा असताना असाच भिरभिरू शकतो, घाबरू नका, विमान जमिनीवर चालू लागलं की शांत होईल. आणि कामशेतला पॅराग्लायडिंग करणाऱ्यांना विचारा: थर्मलमध्ये (वर चढणाऱ्या गरम हवेत) घिरट्या घालताना नकाशा फिरत राहिला तर काहीच वाचता येत नाही. एक्ससीसोरसारख्या ग्लायडिंगच्या अ‍ॅपमध्ये सरळ जाताना एक आणि घिरट्या घालताना दुसरी अशी दोन वेगळी सेटिंग्ज त्याचसाठी दिलेली आहेत.

तुमच्या सोलोसाठी मी काय करायला लावलं असतं ते सांगतो. पॅनेलवरचा नकाशा नॉर्थ-अप. गुडघ्यावरचा कागदी नकाशा मात्र ट्रॅकच्या दिशेने फिरवून धरायचा, गावांची नावं उलटी दिसली तरी चालतील. नावं आदल्या रात्री वाचलेली असली पाहिजेत. कागद जमिनीशी जुळवायला, पॅनेल रेडिओवर बोलायला. घड्याळ, मग नकाशा, मग जमीन, या क्रमानेच बघायचं, नाहीतर दिसेल ते गाव आपलं वाटू लागतं. मैदानापासून वीस मैलांवर एकदा थांबून स्वतःशी मोठ्याने बोलायचं: मी उत्तरेला, वारा कुठून, धावपट्टी कुठली, कुठल्या बाजूने सर्किटमध्ये (मैदानाभोवतीच्या ठरलेल्या वाटेत) शिरणार. कोल्हापूरची धावपट्टी ०७/२५, म्हणजे साधारण ०७० आणि २५० अंशांना आहे, तुम्ही उत्तरेकडून तिच्याकडे तिरके येताय; हे चित्र ट्रॅक-अपवर डोक्यात बसवणं जड जातं. त्या वीस मैलांनंतर सेटिंगला हात लावायचा नाही. वळणात तर अजिबातच नाही, कारण वळता वळता नकाशाची दिशा बदलली की पडद्यावर नेमकं काय फिरलं, विमान की नकाशा, हे कळायला जे काही सेकंद जातात ते बाहेर बघायचे असतात.

आणि दोन इन्स्ट्रक्टरांचं काय करायचं? ज्यांच्याबरोबर उडताय त्यांच्या पद्धतीने ठेवा, फक्त इंजिन सुरू करायच्या आधी त्यांना विचारून घ्या. पडद्याच्या कोपऱ्यात ‘नॉर्थ अप’ किंवा ‘ट्रॅक अप’ असं लिहिलेलं असतं, ते चेकलिस्टबरोबर वाचायची सवय लावा. तुमच्या आधी कोणीतरी त्याच विमानातून उडून गेलेलं असतं, आणि त्याने काय ठेवून ठेवलंय ते तुम्हाला माहीत नसतं.