उंची ६ फूट २ इंच, वजन ११५ किलो, पुण्यात माउंटन बाइक कोणती घेऊ?

तुम्ही लिहिलंय की कोथरूडला राहता, बजेट ४५ हजारांपर्यंत आहे, रविवारी सिंहगड नाहीतर मुळशीकडे जायचंय, मधेच कच्चा रस्ता लागला तर तोही करायचाय, आणि दुकानदार म्हणतोय की तुमच्या वजनाला फॅट बाइकच लागेल. आधी एवढंच सांगतो, फॅट बाइक घेऊ नका. ते चार इंची टायर वाळू आणि बर्फासाठी आहेत, आणि टायर जाड आहे म्हणजे आतला हब (चाकाचा मधला गोळा), एक्सल (त्यातून जाणारा दांडा), आरे मजबूत आहेत असं अजिबात नसतं. स्वस्तातली फॅट बाइक १८-२० किलोला सहज जाते, ती घेऊन चांदणी चौकाचा चढ चढलात की दुसऱ्या रविवारी बाहेर काढायची इच्छाच होणार नाही आणि हौस तिथेच मरते, याचं मला खरंच वाईट वाटतं कारण उंच आणि जड माणसाला सायकल फार छान जमू शकते. मी पण शंभर किलोच्या पुढचाच आहे, उंचीही जवळपास तुमच्याएवढी, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वजन आणि उंची हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दुकानात दोन्ही एकत्र करून "मोठी सायकल घ्या" म्हणतात. उंचीसाठी फ्रेमचं माप बघायचं आणि वजनासाठी मुख्यतः मागचं चाक. लोक पुढचा शॉकअप दाबून बघतात, सायकल बोटावर उचलून बघतात, मागच्या चाकाकडे कोणी बघत नाही, आणि आपला सगळ्यात जास्त भार तर त्याच्यावरच असतो.

तर मागचं चाक. पहिला प्रश्न दुकानात हाच विचारा की मागे कॅसेट आहे की आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील. दिसायला दोन्ही सारखेच, दातेरी चकत्यांचा गठ्ठा. पण फ्रीव्हीलच्या हबमध्ये उजवीकडचं बेअरिंग त्या गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला असतं, म्हणजे बेअरिंगपासून फ्रेमपर्यंत एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय राहतो, आणि जड माणूस खड्ड्यातून गेला की तिथेच तो वाकतो, पुढे तुटतो. कॅसेटच्या हबमध्ये उजवं बेअरिंग पार बाहेरच्या टोकाजवळ येतं त्यामुळे हा त्रास जवळजवळ संपतो. माझ्या मावसभावाच्या सायकलचं मागचं चाक डगमगायला लागलं होतं, मेकॅनिकने ते खोललं तर एक्सलचे दोन तुकडे हातात आले, तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग काळपट गंजलेला आणि अर्धा चकचकीत, म्हणजे चीर आधीपासून होती आणि तो तशीच चालवत होता. ७ स्पीडच्या, म्हणजे मागे सात चकत्यांच्या, बहुतेक स्वस्त सायकलींना फ्रीव्हीलच असतं, ८ ला दोन्ही सापडतं, ९ च्या पुढे साधारण कॅसेट, पण अंदाज करू नका, विचाराच.

मग आरे. ३२ हवेतच, ३६ मिळाले तर सोनं, २८ किंवा २४ वाली फॅन्सी चाकं सोडून द्या. रिम डबल वॉल, म्हणजे दुहेरी भिंतीची. आणि यातली खरी गंमत अशी की आरा ताणून तुटत नाही, तो सैल पडून तुटतो. चाक फिरताना जो आरा खाली जमिनीकडे येतो त्याचा ताण क्षणभर कमी होतो, वर गेला की परत येतो, प्रत्येक फेरीत हेच. माणूस जड असला की हा चढउतार मोठा होतो आणि आरा हबजवळच्या वाकणात थकतो. म्हणून आरे एकसारखे आणि चांगले कसलेले पाहिजेत. दुकानातच दोन-दोन आरे चिमटीत दाबत सगळं चाक फिरून या, एकाच बाजूचे सगळे साधारण सारखेच दाबले गेले पाहिजेत, एखादी जोडी बोटाखाली लुसलुशीत लागली तर तिथल्या तिथे कसून घ्या. मशीनने विणलेली नवी चाकं बऱ्याचदा कमी कसलेली असतात, त्यामुळे घरी नेण्याआधी एखाद्या जुन्या हाताच्या मेकॅनिककडून आरे कसून आणि आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढून घ्या, आणि दोन-तीन आठवडे चालवली की परत एकदा. या कामाला जे पैसे लागतील ते शॉकअपवर घालण्यापेक्षा कधीही चांगले.

मॅन्युअलमध्ये वजनाची मर्यादा दिलेली असते ती बघाच, आणि ती नुसत्या माणसाची आहे की एकूण ते नीट वाचा. उदाहरणार्थ ट्रेक कंपनीच्या माउंटन बाइकना साधारण १३६ किलो म्हणजे ३०० पौंड असतात, त्यात सायकल, तुम्ही आणि सामान सगळं आलं. तुमचे ११५, सायकल १५, पाणी-कुलूप-बॅग ३, झाले १३३, म्हणजे बसताय पण कडेला. काही कंपन्यांच्या एंट्री मॉडेलना १०० च्या आसपासच मर्यादा असते, ती मॉडेल लगेच बाजूला ठेवा, वॉरंटीच्या वेळी तोच कागद पुढे करतील.

आता उंची. ६ फूट २ ला एक्सएल बघा, काही कंपन्यांची एल चालते पण बसून बघितल्याशिवाय नाही. दुकानात बहुतेक एम आणि एल पडलेल्या असतात, मग ते एलची सीट वर ओढून देतात आणि म्हणतात बघा बसली की. सीट वर केल्याने पायांचा प्रश्न सुटतो, पाठीचा नाही, हँडल जवळच राहतं आणि तुम्ही कुबड काढून चालवता. वर सीटपोस्टवर एक खूण असते, तिच्यापेक्षा वर काढायचीच नाही, आपल्या वजनाने तिथे फ्रेमची नळी फाटू शकते. म्हणून कंपनीच्या मापांच्या चार्टमध्ये इंचांपेक्षा रीच बघा, म्हणजे पायडलच्या मध्यापासून हँडलखालच्या नळीपर्यंतचं आडवं अंतर, ४६० मिमीच्या आसपास किंवा जास्त असेल तर मोकळं बसता येईल. एक्सएल मागवायला वेळ लागत असेल तर थांबा. चाकं २९ इंचीच घ्या, आपल्या उंचीला तीच शोभतात आणि खड्ड्यातून गुळगुळीत जातात.

शॉकअपबद्दल थोडक्यात. स्प्रिंगवाले स्वस्त फोर्क (शॉकअप असलेला पुढचा चिमटा) हलक्या माणसाच्या हिशोबाने बनवलेले असतात, तुम्ही नुसते बसलात तरी बराचसा खाली जाईल, आणि वरचा नॉब पिळून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीपासून थोडी दाबलेली राहते. हवेचा फोर्क बजेटमध्ये आला तर उत्तम, त्यात वजनाप्रमाणे हवा भरता येते, १०० मिमीच्या फोर्कला तुम्ही सीटवर बसल्यावर साधारण २० मिमी दबला की बरोबर. नाहीच आला तर लॉकआउटवाला, म्हणजे दबणं बंद करता येणारा, स्प्रिंग फोर्क घ्या आणि डांबरी चढावर लॉक करून चालवा. डबल सस्पेन्शन, म्हणजे मागेही शॉकअप, या बजेटमध्ये नको म्हणजे नको.

ब्रेक मात्र हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्कच, आणि पुढची डिस्क १८० मिमी बसत असेल तर बसवून घ्या, फोर्कला चालते का ते विचारून. सिंहगडाचा उतार असा आहे की तिथे गाड्याही पहिल्या गिअरवर उतरतात, आपल्या वजनाने ब्रेक तापतात, म्हणून दाबून धरून ठेवायचा नाही, सोडत-धरत उतरायचं.

गिअरच्या बाबतीत पुढे एकच चकती असलेल्या सायकलची फॅशन आहे, पण दात्यांचे आकडे बघा. पुढे ३२ मागे ५१ आणि पुढे २२ मागे ३४, चढाला दोन्ही जवळपास सारखेच हलके. म्हणजे जुन्या पद्धतीची तीन चकत्यांची सायकलही तुम्हाला गडावर नेईल. फसवणूक होते ती पुढे ३४ आणि मागे जेमतेम ३६ वाल्या सायकलीत, सिंहगडाच्या पायथ्याच्या गोळेवाडीच्या पुढे ती तुम्हाला उतरून ढकलायला लावेल.

टायर २.२५ ते २.४ इंच रुंद, हवा मागे ३५-४० पीएसआय, पुढे तीन-चार कमी, टायरवर लिहिलेल्या मर्यादेच्या आत. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर हवा कमी असली की खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटून दोन भोकांचं पंक्चर होतं, म्हणून निघताना पंपाने मोजाच. प्लॅस्टिकचे पायडल असतील तर पहिल्याच दिवशी धातूचे बसवा.

आता एक काम करा, भिंतीला पाठ लावून अनवाणी उभे राहा, जांघेत जाडसर पुस्तक घट्ट धरा आणि जमिनीपासून पुस्तकाच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. ते माप आणि दुकानात बघितलेल्या दोन-तीन मॉडेलची नावं इथे टाका, मागच्या हबचा फोटो जमला तर तोही, त्यातली कोणती घ्यायची ते बघून सांगतो.