दरोडा, चोरी आणि मुद्देमाल

एका वाचकाने विचारले आहे : 'मोबाइल हिसकावणाऱ्या दरोडेखोराकडून मुद्देमाल जप्त' अशी बातमी वाचली, चोरी आणि दरोडा यांत फरक काय, आणि शिक्षा सारखीच असते का?

या बातमीतला 'दरोडेखोर' हा शब्द चूक आहे, आणि ही चूक आता रोज कानांवर येते. दरोड्याला कायद्याने किमान पाच माणसे लागतात. एकटा माणूस दरोडा घालूच शकत नाही. चोरी करताना इजा केली किंवा तत्काळ इजेची भीती घातली, तर ती जबरी चोरी होते, आणि पाच किंवा अधिक जणांनी मिळून जबरी चोरी केली, तर तो दरोडा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत झटकन हिसकावून नेण्याला कलम 304 हे स्वतंत्र कलम आहे.

त्या बातमीतला खरा मौल्यवान शब्द 'मुद्देमाल' हा आहे. अरबीत 'मुद्दई' म्हणजे दावा करणारा आणि 'मुद्दआ' म्हणजे ज्याचा दावा केला ते. आपला 'मुद्दा' त्यातूनच आला, आणि 'दावा' व 'दुवा' हे शब्दही त्याच धातूचे. मुद्देमालाचा संबंध काही जण 'मुद्रा' या शब्दाशी जोडतात, कारण जप्त मालावर लाखेची मोहोर असते. पण मोहोर ही नंतरची कार्यपद्धती आहे, तिच्यावरून व्युत्पत्ती ठरवणे मला मुळीच मान्य नाही. मधल्या 'ए'ला फारसी इजाफत, म्हणजे दोन शब्दांना जोडणारा 'चा-ची-चे' अर्थाचा 'ए', मानणारेही चुकतात, कारण इजाफतीत मुख्य शब्द आधी येतो आणि मग अर्थ 'मालाचा दावा' असा उलटा होईल. किल्ला–किल्लेदार, पट्टा–पट्टेदार, मुद्दा–मुद्देसूद या जोड्या पाहिल्या, की समासात 'आ'चा 'ए' करण्याची मराठीची स्वतःची सवय दिसते, आणि 'मुद्देमाल' म्हणजे 'ज्यावर दावा आहे तो माल' हे स्पष्ट होते.

या अर्थात केवढा विवेक आहे! जप्तीच्या वेळी तो माल चोरीचाच आहे हे सिद्ध झालेले नसते आणि मालकीही ठरलेली नसते. म्हणून शब्द फक्त दाव्यापुरते बोलतो. चोरीच्या व्याख्येतही मालकीपेक्षा कब्जा महत्त्वाचा आहे : दुरुस्तीचे पैसे बुडवण्यासाठी स्वतःचेच घड्याळ कारागिराच्या ताब्यातून परस्पर उचलणारा मालकही चोर ठरू शकतो. असे असताना, न्यायालयात दोषारोपही ठेवला गेलेला नाही अशा आरोपीला 'चोर' म्हणणारा मथळा न्यायाधीशाचे काम स्वतःकडे घेतो, आणि ते अन्यायाचे आहे.

शिक्षेबद्दल आता थोडक्यात. साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. राहत्या घरातील किंवा नोकराने मालकाकडे केलेल्या चोरीला सात वर्षांपर्यंत. जबरी चोरीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि ती सूर्यास्तानंतर सूर्योदयापूर्वी महामार्गावर झाली असेल तर चौदा वर्षांपर्यंत. दरोड्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी. हिसकावण्याला मात्र तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंडही. पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजार रुपयांहून कमी किमतीची वस्तू किंवा तिचे मूल्य परत केले, तर चोरीसाठी सामुदायिक सेवेची शिक्षा होते. दुसऱ्यांदा चोरीत दोषी ठरला, तर किमान एक वर्ष सक्तमजुरी टळत नाही.