खांदा दुखत असताना

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा नेटमध्ये सहाव्या षटकानंतर तू खांदा चोळत होतीस. विचारलं तर म्हणालीस, "काही नाही सर, जरा आखडलाय." मी तेव्हा गप्प बसलो, पण घरी आल्यावर जो वूड काही डोक्यातून जाईना.

वूड बेसबॉलचा, त्यामुळे तुला त्याचं नाव माहीत असायचं कारण नाही. तिथला पिचर म्हणजे आपल्याकडचा वेगवान गोलंदाज समज. पण त्याला रनअप नाही, चेंडूला टप्पा नाही. उंचवट्यावर उभं राहायचं आणि साधारण 18 मीटरवरच्या फलंदाजाकडे अंगातला सगळा जोर काढून फेकायचं. वूडची सुरुवात ऐकून तुला हसू येईल. 1906 साली, 16 व्या वर्षी, तो कॅन्ससमध्ये 'ब्लूमर गर्ल्स' या फिरत्या महिला संघातून खेळला! असे संघ दोन-चार मुलगे बिनदिक्कत घुसवायचे.

18 व्या वर्षी तो बोस्टन रेड सॉक्स या व्यावसायिक संघात आला. आणि मग 1912. त्या मोसमात तो 34 सामने जिंकला, फक्त 5 हरला (तिथे हार-जीत पिचरच्या नावावर लागते). 38 सामन्यांची सुरुवात त्याने केली आणि त्यातले 35 शेवटपर्यंत एकट्याने टाकले. एकूण 344 डाव (तिथले डाव छोटे, एका सामन्यात साधारण 9). आजचा कुठलाही पिचर याच्या जवळपासही जात नाही, आणि कुठला प्रशिक्षक जाऊ देणारही नाही. 6 सप्टेंबरला फेनवे पार्क या बोस्टनच्या मैदानावर वॉशिंग्टनचा नामांकित पिचर वॉल्टर जॉन्सन याच्याशी त्याची गाठ पडली, तेव्हा वर्तमानपत्रांनी दोघांची मुष्टियोद्ध्यांसारखी जाहिरात केली. गर्दी इतकी, की लोक थेट मैदानात, सीमारेषांना खेटून बसले. बोस्टन 1-0 ने जिंकलं. पुढे वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम लढतीत, बोस्टनच्या 4 विजयांपैकी 3 त्याच्याच नावावर लागले. वय वर्षं 22.

1913 मध्ये ओल्या गवतावर चेंडू अडवताना पाय घसरला आणि उजव्या हाताचा अंगठा मोडला. अंगठाच तो, भरून आला. पण त्यानंतर खांद्यात वेदनेशिवाय त्याला चेंडू टाकताच आला नाही. आपण घाईने परतलो, की पडतानाच खांद्यालाही काही झालं होतं, हे म्हातारपणीही त्याला सांगता येत नव्हतं. माझ्या मते घाईच नडली, आणि त्या 344 डावांचं ओझंही असणार. पण त्या काळी खांद्याच्या आत डोकावायला होतं काय? तुला एमआरआय आहे. तरी तू "जरा आखडलाय" म्हणतेस.

गंमत बघ, 1915 मध्ये त्या दुखऱ्या हाताने त्याने 15 सामने जिंकले आणि दर 9 डावांमागे दिलेल्या धावांची लीगमधली सर्वांत कमी, 1.49 अशी सरासरी राखली. त्या आकड्यावर जाऊ नकोस. एकदा टाकलं की पुढे कितीतरी दिवस हात वर उचलत नसे. आकडा चांगला म्हणजे खांदा चांगला, असं नसतं. 1916 चा अख्खा मोसम तो घरी बसला.

पुढच्या वर्षी 15,000 डॉलरला क्लीव्हलंडने त्याला घेतलं. तिथे त्याचा जुना दोस्त ट्रिस स्पीकर होता. महायुद्धामुळे 1918 मध्ये खेळाडू कमी पडले, तेव्हा वूड आउटफिल्डमध्ये उभा राहिला आणि बॅट घेतली. त्या मे महिन्यात न्यूयॉर्क यँकीजविरुद्धचा सामना 19 डाव लांबला. त्यात वूडने दोन होम रन (आपल्याकडच्या षटकारासारखे फटके) मारले, त्यातला दुसरा 19 व्या डावात, सामना जिंकून देणारा. 1920 मध्ये तो पुन्हा वर्ल्ड सिरीजच्या विजेत्या संघात होता, या खेपेला फलंदाज म्हणून. नंतर येल विद्यापीठात जवळजवळ 20 वर्षं त्याने पोरांना शिकवलं.

लोक याला जिद्दीची कहाणी म्हणतात. असेल. मला मात्र यात तिशीच्या आत संपलेला एक गोलंदाज दिसतो. बॅट कामाला आली, कारण पिचर असतानाही तो चांगली फलंदाजी करायचा. तू फलंदाजीचा सराव टाळतेस.

तर उद्या डॉक्टरांकडे जा, कुठे दुखतं ते आईसमोर नीट सांग. रविवारी सकाळी मैदानावर ये. रिपोर्ट आण, बॅट आण. चेंडूला हात लावलास तर मी घरी पाठवीन.

तुझे,
सर