खबर, वर्दी, गुप्तवार्ता: सगळ्यालाच ‘माहिती’ म्हणावे का?

अमळनेरच्या एका वाचकाने विचारले आहे: लष्करी नेतृत्वावरचा लेख मराठीत लिहिताना ‘इन्फर्मेशन’, ‘इंटेलिजन्स’ आणि ‘रिपोर्ट’ या तिन्हींसाठी ‘माहिती’ हाच शब्द वापरला तर चालेल का?

माझ्या मते चालू नये. सीमेवरून, वायरलेसवरून, गावकऱ्यांच्या तोंडून जे कानावर येते ती खबर. ती खरी असेल, अर्धवट असेल, शत्रूने मुद्दाम सोडलेलीही असेल. दुसरीकडून आलेल्या खबरीशी ताडून, अर्थ लावून जे हाती उरते ती गुप्तवार्ता. राज्य गुप्तवार्ता विभागामुळे हा शब्द सरकारी मराठीत रुळलेला आहेच. धुळे-जळगावकडच्या पोलिसी बातम्यांत ‘खात्रीशीर बातमी मिळाली’ असे नेहमी वाचतो. त्यातला ‘खात्रीशीर’ हेच काम करतो.

‘रिपोर्ट’ला सरसकट ‘अहवाल’ही नको. अहवाल सवडीने लिहितात. चौकीवरच्या जवानाने दिसताक्षणी वर कळवायचे ती वर्दी. अग्निशमन दलाला आजही वर्दीच देतात. शिवाय इशारा वेगळा. हतनूर धरणाचे दरवाजे उघडून विसर्ग वाढवला ही माहिती, आणि ‘तापीच्या पात्रात उतरू नका’ हा इशारा.

हा फरक पुसला की काय होते, ते कारगिलवर लिहिताना कळते. १९९९च्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने गुप्तवार्ता गोळा करण्यातल्या उणिवा दाखवल्या, तशाच वेगवेगळ्या यंत्रणांमधल्या समन्वयातल्याही. पुढे २००२ मध्ये तिन्ही दलांसाठी डिफेन्स इंटेलिजन्स एजन्सी उभी राहिली. इथे नुसते ‘माहिती नव्हती’ लिहिले, तर खबरच आली नाही, की आलेल्या खबरी कुणी एकत्र जुळवल्या नाहीत, हे वाचकाला कधीच समजणार नाही. दोन्ही दोषांवरचे उपाय मात्र अगदी वेगळे.

‘माहिती’ची खरी जागा निराळी आहे. कोणती गोष्ट कळली की मला रात्रीही उठवायचे, हे सेनापती आधीच ठरवून देतो, कारण आलेले सगळेच त्याच्यापुढे ओतले तर निर्णय खोळंबतो. त्या यादीला ‘निर्णयासाठी आवश्यक माहिती’ म्हणावे. अशा लेखात येणाऱ्या ‘कमांड’साठीही ‘आदेश’ तोकडा वाटतो: आदेश एकेक सुटतो, कमांड हा अधिकार आहे. तिथे मी ‘हुकमत’ लिहीन. लेखाच्या शीर्षकात ‘इन्फर्मेशन मॅनेजमेंट’साठी ‘माहिती व्यवस्थापन’ राहिले तरी हरकत नाही. मजकुरात मात्र ‘हाताळणी’ बरी.