समुद्री कासवं डायनासोरच्या काळापासून तगून आहेत, मग आता त्यांना वाचवायची एवढी धडपड कशाला?

तुमच्या प्रश्नाखाली तुम्ही आणखी एक ओळ जोडली आहे, "दहा कोटी वर्षं टिकलीत, पुढेही निसर्ग बघून घेईल ना?" हीच ओळ मी वर्सोव्याच्या वाळूत उभा राहून ऐकली आहे, माझ्या भावोजींच्या तोंडून. म्हणून लिहायला बसलो, नाहीतर बसलो नसतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जुलैतला रविवार, आदल्या रात्री मोठं उधाण येऊन गेलेलं. समुद्राने पोटातलं सगळं किनाऱ्यावर ओकलं होतं, चपला, थर्माकोल, पुड्या, दोरखंडाचे गुंते. ताई आणि भावोजी मुक्कामाला होते म्हणून सकाळी त्यांना फिरायला घेऊन गेलो. एका गुंत्याजवळ चार माणसं जमली होती. मला वाटलं, टायर आहे. ते कासव होतं. ऑलिव्ह रिडले, पाठ दोन फुटांहून थोडी जास्त, रंग शेवाळी करडा. निळ्या नायलॉनचं जाळं मानेभोवती आणि पुढच्या डाव्या पायाभोवती आवळलेलं. समुद्री कासवाचा पुढचा पाय म्हणजे वल्हंच. त्या वल्ह्यात दोर इतका रुतला होता की आतलं पांढरं हाड दिसत होतं. पाठीवर शंखासारख्या कवचाचे किडे दाट चिकटलेले. हे किडे इतके चढले की समजायचं, कासव बरेच दिवस धड पोहलेलं नाही. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं.

मी गुडघ्यावर बसलो. बराच वेळ काहीच हालचाल नाही, मग एकदम मान वर, तोंड उघडून एक मोठा सुस्कारा, आणि मान पुन्हा वाळूत. डोळ्यांतून चिकट पाणी गळत होतं. एक बाई म्हणाल्या, "रडतंय बिचारं." ते रडणं नसतं. खारं पाणी पोटात जातं, त्यातलं जास्तीचं मीठ डोळ्यांपाशी असलेल्या ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं. आपल्या तळ्यातल्या कासवासारखं याला मान-पाय आत ओढून घेता येत नाहीत, त्यामुळे बघ्यांनी वेढलं तरी ते उघडंच.

कोळीवाड्यातल्या एक आजी सुकट वाळवायच्या तयारीत होत्या, पाऊस उघडला होता म्हणून. त्यांनी सुरी दिली, मी आणि एका पोराने मिळून जाळं कापलं. आजींनी गोणपाट भिजवून आणलं, नाकपुड्या मोकळ्या ठेवून पाठीवर टाकलं आणि म्हणाल्या, "दमलंय ते. आत्ता पाण्यात नको ढकलू."

भावोजींनी गोणपाट उचलून बाजूला टाकलं. म्हणाले, "समुद्राचा जीव आहे, समुद्रातच बरा होईल. निसर्ग बघून घेईल." त्यांचा स्वभाव असा की पुढाकार घेतला की कुणाचं ऐकायचं नाही. दोघांना हाताशी घेतलं, एक बाजू मला धरायला लावली. मी धरली. मेहुणा म्हणून त्यांच्यापुढे बोलायची माझी पद्धत नव्हती. कमरेइतक्या पाण्यात सोडलं, लाटेने ओढून नेलं, किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. ताईने फोटो काढला. तो अजून त्यांच्या दिवाणखान्यात आहे.

दुसऱ्या दिवशी ते जेट्टीच्या बाजूला मेलेलं सापडलं. डाव्या पायाची जखम तीच, पाठीच्या मागच्या कडेचा टवका तोच.

आता तुमचा प्रश्न. कासवाला कल्ले नसतात, फुप्फुसं असतात. श्वास घ्यायला त्याला वर यावंच लागतं. धडधाकट कासव निवांत असताना बराच वेळ पाण्याखाली राहतं, पण जाळ्यात धडपडलं की ऑक्सिजन भराभर संपतो आणि ते चक्क बुडून मरतं. दमलेल्या, जखमी कासवाला पाण्यात ढकलणं म्हणजे पोहता न येणाऱ्या तापकऱ्याला विहिरीत सोडणं. भावोजी, हा मुद्दा तुमच्यासाठी.

निसर्ग बघतो, पण त्याचा हिशोब वेगळा आहे. मादी एका खेपेला शंभरेक अंडी घालते. हजार पिल्लांतलं एखादं मोठं होतं असा ढोबळ अंदाज आहे. खेकडे, कावळे, घारी, मासे, सगळ्यांचा वाटा त्यात आधीच धरलेला. वयात यायला दहा-पंधरा वर्षं लागतात. एवढं करून जी मादी तरली, तिला शार्क सोडला तर फारसे शत्रू नसतात, आणि तिने पुढे वर्षानुवर्षं अंडी घालावीत यावर सगळी मदार. ट्रॉलरचं, म्हणजे यांत्रिक मासेमारी बोटीचं, जाळं नेमकी हीच मादी मारतं. दहा कोटी वर्षांत नायलॉन नव्हतं. प्लास्टिकही नव्हतं. कासवाच्या घशात मागे वळलेले काटे असतात, गिळलेला घास निसटू नये म्हणून. जेलीफिश समजून पिशवी गिळली तर तीही मागे येत नाही.

वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर की मादी हे ठरतं, गरम वाळूत माद्या, थंड वाळूत नर. वाळू तापत चालली की काय होईल ते सांगायला नको. किनाऱ्यावरच्या दिव्यांनी पिल्लं उलटी रस्त्याकडे चालतात, हेही आपलंच देणं.

काहीजण म्हणतात, ही ओडिशाची कासवं, आपला काय संबंध. ओडिशात २०२१ मध्ये टॅग लावलेली एक मादी जानेवारी २०२५ मध्ये गुहागरला अंडी घालताना सापडली. आणि वर्सोव्यातच मार्च २०१८ मध्ये ऐंशीएक पिल्लं वाळूतून निघाली, कित्येक वर्षांनी. त्याआधी ऑक्टोबर २०१५ पासून वकील अफरोज शहा आणि शेकडो लोक तिथला कचरा उपसत होते. ते काम निसर्गाने केलं नाही, माणसांनी कंबर वाकवून केलं. भावोजी, हाही मुद्दा तुमच्यासाठी.

दोन गोष्टी राहिल्या. मी कोळ्यांना दोष देत नाही. बरेच कोळी कासवाला देव मानतात आणि स्वतःचं जाळं कापून सोडतात. डिसेंबर २०१८ पासून अशा कापलेल्या जाळ्याची २५ हजारांपर्यंत भरपाईही सरकार देतं. नव्या जाळ्यांना कासवासाठी सुटकेची झडप बसवायला खळखळ करणारे बडे ट्रॉलरमालक, त्यांच्यावर मात्र माझा राग आहे. दुसरं, थंडीत रात्री धडधाकट मादी वाळूवर चढताना दिसली तर ती संकटात नाही, अंडी घालायला आली आहे. टॉर्च विझवा, लांब उभे राहा.

पावसाळ्यात वाहून आलेलं कासव मात्र परत पाण्यात सोडू नका. सावली करा, ओलं कापड टाका, नाक मोकळं ठेवा, खायला काही देऊ नका, वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. डहाणूला उपचार केंद्र आहे, तिथून बरी होऊन कासवं समुद्रात गेली आहेत. घरी नेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पहिल्या अनुसूचीतला, म्हणजे सर्वात कडक संरक्षण असलेला प्राणी आहे, गुन्हा होतो.

ताई हे उत्तर भावोजींना पाठवेलच. भावोजी, पुढच्या जुलैत या. फोन मी लावतो, गोणपाट तुम्ही भिजवून आणा. आणि तो फोटो आता भिंतीवरून काढा.